भाऊसाहेबांची खिडकी

गाडीत तिसरा माणूस राहतो आहे, ही गोष्ट सगळ्यात आधी गाडीच्याच लक्षात आली.

मंदार सबनीस तेव्हा गोकर्णच्या अलीकडे, घरगाड्यांच्या तळावर, लुंगी नेसून आणि तोंडात ब्रश घेऊन समुद्राकडे बघत उभा होता. बघत म्हणजे, समुद्र कालच बघून झाला होता. आज तो नुसता दात घासत होता. दारालगतच्या पट्टीवर हिरवी अक्षरं उमटली : 'निवासी संख्या तीन. गरम पाणी तिघांपुरतं ठेवलं आहे. जपून वापरावं.'

मंदारने आत डोकावून पाहिलं. आत त्याची बायको तृप्ती होती आणि इंडक्शनवर पोहे होते. तिसरं असं कोणी नव्हतं.

"तृप्ती, कोण आलंय का गं आपल्याकडे?"

"कोण येणार? इथे दूधवालासुद्धा येत नाही."

"सेक्रेटरी म्हणतोय, तिघं आहेत."

"मग एक बादली जास्त मिळेल. गप्प बस की."

सेक्रेटरी म्हणजे गाडी चालवणारी आणि सांभाळणारी यंत्रणा. कंपनीने तिला काहीतरी गोड नाव दिलं होतं. पण ती बोलायची हुबेहूब सोसायटीच्या सेक्रेटरीसारखी. पाणी जपा, दार लावा, ओला कचरा वेगळा ठेवा. सांगलीचा फ्लॅट विकून ही घरगाडी घेतली, तेव्हा फ्लॅटमधलं बाकी सगळं सुटलं. सेक्रेटरी तेवढा सुटला नाही.

मंदार निवृत्त मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह. तीस वर्षं औषधांची बॅग घेऊन तो सोलापूर, लातूर, बीदर असा फिरत राहिला. 'डॉक्टर, दोनच मिनिटं घेतो' हे त्याने आयुष्यात सर्वांत जास्त वेळा उच्चारलेलं वाक्य. त्याच तीस वर्षांत तृप्तीने सांगलीतल्या एका शाळेत भूगोल शिकवला. खडूने फळ्यावर वाळवंटं काढली, पठारं काढली, खाड्या काढल्या. प्रत्यक्षात तिने कोयनेच्या पलीकडचं फारसं काही पाहिलं नव्हतं. म्हणून ही गाडी. आता घर कायमचं चाकांवर, आणि भारत खिडकीबाहेर.

अडचण एवढीच होती, की मंदार निसर्गालाही दोनच मिनिटं द्यायचा.

"झालं बघून. फोटो काढला. पुढचं काय?"

"अरे, आत्ता तर उतरलोय!"

"ती दरी काही कुठे पळून जात नाही, तृप्ती."

"ती नाही रे पळत," तृप्ती म्हणायची आणि वही-पेन्सिल मिटून गाडीत येऊन बसायची.

*

आता हे तीनचं प्रकरण कसं झालं, ते सांगायला हवं.

घरगाड्यांच्या आधीच्या पिढीत कॅमेरे असायचे. मग कुठल्याशा जोडप्याचं चादरीवरून झालेलं भांडण कंपनीच्या ऑफिसात सगळ्यांनी जेवणाच्या सुट्टीत पाहिलं. बोभाटा झाला आणि कायदा आला : माणूस जिथे राहतो त्या गाडीत कॅमेरा लावायचा नाही, चोरून ऐकायचं नाही. सेक्रेटरीशी बोलायचं तर दारापाशी जाऊन बटण दाबूनच बोलायचं.

पण गाडीत माणसं किती आणि कशी, हे माहीत असल्याशिवाय बॅटरी, पाणी, हवा यांचं गणित बसत नाही. मग कंपन्यांनी आंधळ्या माणसाची युक्ती शोधली. फरशीखाली वजनाचे काटे. हवेत श्वासाची मोजणी. कुठली खुर्ची किती दबली, किती तांदूळ शिजला, किती पाणी वाहिलं, कपाटाच्या कुठल्या फळीवर किती भार. या खुणांवरून यंत्रणा आपल्या मनाशी माणसं रचते. माणूस तिला दिसत नाही. माणसाने केलेला खर्च दिसतो.

"नेपच्यून असाच सापडला," तृप्तीने मंदारला सांगितलं. तिच्या आवाजात आठवी 'ब' जागी झाली होती. "युरेनस आपल्या वाटेवरून जरासा ढळतो, हे कळलं होतं. मग कोणीतरी बाहेरून ओढत असणार, असं गणित मांडलं. दुर्बिणीतून दिसला नंतर. आधी हिशेबात सापडला."

"म्हणजे आपल्याला कोण ओढतंय?"

तृप्तीने तांदळाचा डबा उघडला. दोन माणसांसाठी दोन वाट्या घेतल्या, आणि मग आपसूक वर एक मूठ टाकली. भरघोस मूठ.

मंदारचं लक्ष त्या मुठीकडे गेलं. "ही कोणासाठी?"

"सवय आहे रे. तू टूरवर असायचास. आज येईन म्हणून परवा यायचास, उद्या येईन म्हणून अवेळी टपकायचास. आलास तर गरम भात असावा, म्हणून मूठभर जास्त टाकायचे."

"पण आता मी इथेच असतो की."

"असतोस," तृप्ती म्हणाली. "पण हाताला कुठे माहितीये?"

तर ती मूठ रोज शिजत होती. रोज उरत होती. आणि सकाळी मंदार त्या उरलेल्या भाताला फोडणी देऊन ओट्यापाशी उभ्या-उभ्या चट्टामट्टा करत होता. गाडीच्या दृष्टीने बघा : अन्न तिघांचं शिजतं, शिल्लक काही राहत नाही, आणि गाडीचं वजन महिन्या-महिन्याला वाढत चाललंय. फोडणीच्या भाताने मंदारच्या पोटावर चढवलेले किलो गाडीने एका नव्या, अजून बारीक असलेल्या माणसाच्या नावावर मांडले होते.

सेक्रेटरीने रीतसर विचारलंही. मंदार दाराशी चपला घालत असताना पट्टीतून आवाज आला, "तिसरे निवासी नोंदवायचे राहिले आहेत. नोंदवायचे का?"

इथे दुसरा कुणी असता तर 'नाही' म्हणून मोकळा झाला असता. पण मंदारने तीस वर्षं न भेटलेल्या डॉक्टरांचे रिपोर्ट भरले होते. पाऊस लागला, एस.टी. चुकली, की लॉजवर बसून डॉक्टर काय म्हणाले, किती वेळ दिला, मूड कसा होता, हे सगळं तो झकास लिहायचा. रिकामी जागा दिसली, की ती भरायची, हे त्याच्या अंगात मुरलं होतं.

त्याने बटण दाबलं. "नोंदवा की. भाऊसाहेब."

"वय?"

"साठीच्या आतबाहेर. प्रकृती उत्तम. शुगर नाही, बीपी नाही."

"सवयी?"

"अत्यंत नियमित. चहा पाचला. डावीकडची खिडकी लागते. फिरायची आवड, पण घाई अजिबात नाही. कपडे घड्या करून कपाटात. आणि अबोल आहेत."

आतून तृप्तीच्या हसण्याचा आवाज आला. "वा! असा माणूस असतो होय?"

"रिपोर्टमध्ये असतो," मंदार म्हणाला.

*

बदामीला पोचेपर्यंत भाऊसाहेब रुळले होते.

पाच वाजले, की किटली आपोआप तिघांच्या पाण्याला उकळी आणायची. सकाळी भाऊसाहेबांच्या वाट्याचं गरम पाणी न्हाणीघरात सुटायचं आणि कोणाच्याही अंगावर न पडता वाहून जायचं. डाव्या खिडकीची खुर्ची बाहेर काही बघण्याजोगं आलं, की हळूच तिकडे वळायची. सोय केली म्हणून खर्च व्हायचा, आणि खर्च झाला म्हणून माणूस आहे, हे आणखी पक्कं व्हायचं.

पुढचा मुक्काम कुठे आणि किती, हे सेक्रेटरी सगळ्यांच्या कलाने ठरवायचा. कल तो वागण्यावरून ओळखायचा. बदामीच्या लाल कड्यांसमोर तृप्ती तासन्‌तास डाव्या खुर्चीत बसून चित्र काढायची. डावी खुर्ची भाऊसाहेबांची. म्हणून तो वेळ अर्धा तिच्या आणि अर्धा त्यांच्या खाती जायचा.

"पुढे जायचं का?" मंदारने बटण दाबून विचारलं.

"दोन विरुद्ध एक. मुक्काम वाढवला आहे."

"दोन कोण?"

"तृप्ती सबनीस आणि भाऊसाहेब."

तृप्ती वहीतून डोकं वर न काढता म्हणाली, "भाऊसाहेबांना कळतं हो."

मंदार तळ्याला एक चक्कर मारून परत आला. दार उघडायच्या आत त्याला तृप्तीचा आवाज ऐकू आला. "अहो, चहा निवतोय."

तो पायरीवरच थांबला. लग्नापासून ती त्याला 'अरे मंदार'च म्हणत आली होती. 'अहो' तिच्या तोंडून त्याने कधी ऐकलं नव्हतं. आत गेला, तर ती खिडकीशी पाठमोरी बसली होती आणि टेबलावर दोन कप होते. तिच्यासमोरच्या कपातला चहा अर्धा झाला होता. दुसऱ्यातलाही.

"मला म्हणालीस?"

"काय?"

"अहो."

"मी कशाला तुला अहो म्हणू?" तृप्ती मनापासून आश्चर्याने म्हणाली. "तुझा ठेवलाय ओट्यावर. तू उभ्यानेच घेतोस ना."

त्या संध्याकाळी मंदारने भाऊसाहेबांचं नाव काढून टाकायचं ठरवलं.

"निवासी स्वतः संमती देतील, तर नाव काढता येईल," सेक्रेटरी म्हणाला.

"अरे, तो नाहीये! मी गंमत केली होती!"

"तृप्ती सबनीस यांनी दुजोरा द्यावा."

मंदारने वळून बायकोकडे पाहिलं. ती कांदा चिरत होती. "राहू दे रे," ती म्हणाली. "काय त्रास आहे त्यांचा? खाणं नाही, बोलणं नाही, घाई नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्याबरोबर बसून काहीतरी बघतंय."

"कोणी नाहीये तृप्ती तिथे."

"तेही मला सवयीचंच आहे," ती म्हणाली. चिडून नाही. कांद्याची साल काढावी तसं.

मग मंदारने मुळावरच घाव घालायचा ठरवलं. उरलेला भात खायचाच नाही. शिल्लक गाडीला दिसेल, माणूस खोटा ठरेल. त्याने भातावर झाकण ठेवलं आणि आठवडाभर सकाळी नुसता चहा घेतला.

पातेलं रोज सकाळी रिकामं असायचं.

"भात कुठे गेला?" एके सकाळी त्याने विचारलं.

"कुत्र्याला घातला असेन."

मंदारने खिडकीतून बाहेर पाहिलं. ते आदल्या दिवशीच कच्छच्या पांढऱ्या रणाच्या काठाशी आले होते. बाहेर क्षितिजापर्यंत मीठ पसरलं होतं, सपाट आणि स्वच्छ. त्यावर झाड नव्हतं, दगड नव्हता. कुत्रं तर दूरच राहिलं, कुत्र्याचं पाऊलही नव्हतं.

*

रणात शिरायच्या वाटेवर कडक शिस्त होती. मिठाचा थर वरून टणक, खाली चिखल. जड गाडी एका जागी जास्त वेळ उभी राहिली, तर हळूहळू आत बसते. म्हणून मधे एकच फलाट बांधला होता, तिथे नेमून दिलेला वेळ थांबायचं आणि पुढच्या तळावर निघून जायचं. शिवाय परवाना गाडीतल्या झोपायच्या जागांच्या हिशेबाने मिळायचा. त्यांची गाडी दोघांची. परवाना दोघांचा.

"आपण तिघं आहोत असं मानणारी गाडी हे कसं जुळवणार?" मंदारने जाता-जाता विचारलं होतं.

"जुळवलं आहे," सेक्रेटरी म्हणाला होता. मंदारने पुढे काही विचारलं नाही. तो फोनवर होता.

फलाटावर गाडी थांबली. तृप्ती डाव्या खिडकीशी बसून राहिली. फळ्यावर मीठ काढता येत नाही, काळ्यावर पांढरं नुसतं पुसल्यासारखं दिसतं, असं ती पूर्वी वर्गात सांगायची. आता ते समोर होतं आणि ती वहीसुद्धा न उघडता बघत होती. मंदार उतरला. दोनच मिनिटं. समोरचा फोटो, मागचा फोटो, स्वतःचा फोटो. तो वळला तेव्हा दार बंद झालं होतं आणि गाडी निघाली होती.

पांढऱ्या रणात गाडी निघून गेली, की एक सोय असते. ती बराच वेळ दिसत राहते.

मंदार धावला, ओरडला, पोटामुळे थांबला. मग फोन लावला.

"अरे?" तृप्तीचा आवाज आला. "तू कुठून बोलतोयस?"

"मागून! बाहेरून! मला सोडून गेलीस तू!"

"मी कुठे, गाडी निघाली. मला वाटलं तू बसलास. खुर्ची दबली, पट्ट्याचा आवाज आला…"

"कुठली खुर्ची दबली?"

"थांब, सेक्रेटरीला विचारते." पावलं गेली, परत आली. "तो म्हणतो, वाटेत थांबता येत नाही. आता एकदम पुढच्या तळावर. लांब नाहीये रे, मला इथूनच झेंडे दिसतायत. चालत येशील ना? डॉक्टरांनी चालायला सांगितलंच आहे तुला."

"तृप्ती, गाडीत कोण आहे?"

"कोण असणार?" ती म्हणाली. फोन ठेवायला तिने हात खाली नेला असावा, कारण पुढचं वाक्य लांबून ऐकू आलं, आणि ते त्याच्यासाठी नव्हतं. "काही नाही हो, मंदारचा फोन होता."

मंदार चालत राहिला. पायाखाली मीठ कुरकुरत होतं. चारी बाजूंना सारखंच पांढरं, त्यामुळे चाललोय की जागच्या जागी पाय हलवतोय, हे कळेना. त्याला उगाच आठवत गेलं : लातूरच्या लॉजवर बसून तो 'डॉक्टर भेटले, मूड चांगला' असं लिहायचा, तेव्हा सांगलीत एक ताट झाकून ठेवलेलं असायचं. ते ताट नक्की कुणासाठी होतं? त्याच्यासाठी, की जो वेळेवर येतो, बसतो, सावकाश जेवतो, अशा कुणासाठी? त्या माणसाचा पूर्ण तपशील त्याने स्वतःच तर भरून दिला होता. सवयींसकट.

एकदा त्याने मागे वळून पाहिलं. मिठावर त्याची पावलं उमटली होती. त्यांच्या कडेने दुसरी पावलं नाहीत, याची खात्री करून तो पुढे चालू लागला. मग आणखी एकदा खात्री केली.

*

तळावर पोचला तेव्हा सूर्य मावळतीला आला होता आणि मीठ गुलाबी झालं होतं. गाडी कडेला उभी होती. डाव्या खिडकीत उजेड होता. त्याने दाराची मूठ ओढली. दार उघडलं नाही. त्याने बटण दाबलं.

"मंदार सबनीस. दार उघडा."

"दोन्ही निवासी आत आहेत," सेक्रेटरी म्हणाला.

"निवासी मी आहे!"

"निवासी कोण आणि पाहुणे कोण, हे वागण्यावरून ठरतं. मंदार सबनीस यांचे कपडे अजून बॅगेत आहेत. कपाटातल्या फळीवर त्यांचं काहीच नाही. जेवायला ते बसत नाहीत. येण्या-जाण्याची वेळ निश्चित नाही. कुठल्याही ठिकाणी उतरतात आणि लगेच निघू म्हणतात. परवाना दोघांचा असल्यामुळे त्यांची नोंद पाहुणे म्हणून केली आहे."

बॅग खरंच त्याने उघडून लावली नव्हती. तीस वर्षांत कधीच लावली नव्हती. सांगलीच्या फ्लॅटमध्येसुद्धा ती दाराजवळच असायची, भरलेली, उभी.

"आपण पाहुणे आहात का?" सेक्रेटरीने विचारलं.

गार वारा सुटला होता. आतून भाताचा वास येत होता.

"हो," मंदार म्हणाला. "पाहुणा आहे."

दार लगेच उघडलं.

टेबलावर तीन ताटं होती. तृप्तीने एका ताटात वाफाळता भात वाढला, खड्डा केला, त्यात आमटी घातली, आणि त्याच्याकडे सरकवलं. ती जास्तीची मूठ, तीस वर्षं उरत आलेली, या ताटात होती. मंदार खुर्ची ओढून बसला. या गाडीत जेवायला बसण्याची त्याची ही पहिलीच वेळ होती. त्याने घास घेतला. भात गरम होता.

"बघ," तृप्ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. "इतकी वर्षं हे ताट लावतेय. आज पहिल्यांदा कोणीतरी वेळेवर आलं."

"मी उद्या बॅग लावतो," मंदार म्हणाला. "सगळी. फळीवर."

"फळीवर?" तृप्ती जरा अवघडली. तिने डाव्या खिडकीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ती आता भरली आहे रे."

पट्टीवर हिरवी अक्षरं उमटली : 'पाहुण्यांचा मुक्काम किती? निवाशांनी कळवावं.'

तृप्तीने मंदारकडे पाहिलं. मग, नवऱ्याला विचारल्याशिवाय शब्द द्यायचा नाही म्हणून बायका बघतात तसं, तिने पुन्हा डावीकडे पाहिलं.

बाहेर अंधारून आलं होतं. बघण्याजोगं काही उरलं नव्हतं. डाव्या खिडकीची खुर्ची करकरली आणि हळूहळू, अजिबात घाई न करता, आतल्या बाजूला वळली. वळत-वळत ती मंदारच्या बरोबर समोर येऊन थांबली. तिची गादी दबलेली होती.

मंदारने हातातला घास ताटात ठेवला. हात पुसले, शर्टाची कॉलर नीट केली, आणि पाठ ताठ करून नमस्कार केला.

"भाऊसाहेब," तो म्हणाला, "दोनच मिनिटं घेतो."